सातव्या फेरीनंतरची वीस मिनिटं

सालेह मुफलाहीच्या दुकानात खिडकीपाशी एक गोल टेबल होतं, आणि शनिवारी सकाळी नऊनंतर त्यावर दुसरं कुणी बसत नसे. तशी पाटी लावलेली नव्हती. पण लॅकवानाच्या त्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं की ते टेबल फुटबॉलवाल्यांचं, म्हणजे चेंडू हातात धरून धावायच्या अमेरिकन फुटबॉलच्या वेड्यांचं. बाहेर सरोवराकडे जाणारा रस्ता, पलीकडे बंद पडलेल्या पोलाद कारखान्याचं रिकामं रान, आणि एप्रिल अर्धा सरला तरी फुटपाथाच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग. आत मात्र तव्यावर कांदा परतत असायचा आणि सालेहचा वेलदोडा घातलेला दाट चहा उकळत असायचा.

टेबलावर चौघं. लूशियस पेटवे, वय एकाहत्तर, एकतीस वर्षं बफेलो शहराची बस चालवून निवृत्त झालेला. स्टॅन कुबियाक, नळकाम करणारा, ज्याचा आवाज तळघरातून गच्चीपर्यंत जायचा. कॉनी फ्रातेलो, उमेदीची सगळी वर्षं घरोघरी टपाल वाटलेली, आणि अजूनही सगळ्या जगाचे पत्ते तोंडपाठ असलेली बाई. चौथा सालेह स्वतः, गल्ला मुलीच्या हवाली करून मधून मधून येऊन बसणारा. चौघांना वेड एकच, आपली बफेलोची टीम. जानेवारीत हंगाम आटोपला की चार दिवस सुतक पाळायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट. देशभरातल्या कॉलेजांतून बाहेर पडणारी पोरं एका बाजूला, बत्तीस टीम दुसऱ्या बाजूला, तीन दिवस, सात फेऱ्या. जी टीम जास्त हरली तिनं आधी उचलायचं. आपल्या टीमनं कुणाला उचलावं यावर या टेबलावर साडेतीन महिने वाद चाले. टीमला अर्थातच याचा पत्ता नव्हता.

ड्राफ्टच्या आदल्या शनिवारी लूशियस दुकानात शिरला तेव्हा वाद रंगात आला होता.

"त्या आयोवाच्या पोराला घ्या आणि मोकळे व्हा," स्टॅन टेबलावर बोट आपटत म्हणत होता. "तीनशे वीस पौंडांचा गडी आहे. दार लावल्यासारखा उभा राहतो. आपल्या चेंडू फेकणाऱ्याला कुणाचा हात लागणार नाही."

"दारच आहे तो," कॉनी म्हणाली. "जागचा हलत नाही. समोरचा बाजूनं वळसा घालून आत गेला तरी हा बिचारा बिजागरीवर कुरकुरत उभा."

"तुला काय कळतंय, पोस्टमास्तरीणबाई!"

"मला एवढं कळतं, नळवाल्या, की गेल्या वर्षी तू ज्याच्या नावानं छाती बडवत होतास तो आता टेक्सासात गाड्या विकतोय."

सालेह हसला. लूशियसनं कोट खुर्चीवर टाकला, चहाचा पेला ओढून घेतला आणि आपलं मत दिलं. "त्या आयोवावाल्याला मी पाहिलाय. थांब्यावर माणूस हात करतोय हे त्याला दिसतं. पण त्याचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत पुढचा थांबा येतो."

टेबल खदखदलं. लूशियसची हीच ख्याती होती. तो कमी बोलायचा, पण बोलला की त्या खेळाडूचं पाणीपाणी व्हायचं. तीस वर्षांत त्यानं किती पोरांना असं एका वाक्यात खाली उतरवलं असेल याची गणती नव्हती. ती पोरं कुठे कॅन्सासला, कुठे जॉर्जियात. त्यांच्या कानावर यातलं काही जाणार नव्हतं, त्यांच्या घरच्यांच्याही नाही. म्हणून बोलायला मजा यायची.

कॉनीनं वही पुढे ओढली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी अशी नावं लिहिली गेली, खोडली गेली. मग ती जरा थबकली. पेन्सिल कानामागे खोचली, परत काढली.

"चौथी फेरी," ती म्हणाली. "सेफ्टी हवा का आपल्याला?"

सेफ्टी म्हणजे बचावातला अगदी मागचा माणूस. बाकी सगळे चुकले तरी चालतं. याच्या हातून कुणी निसटला तर मागे फक्त मोकळं मैदान. लूशियसचा नातू जेरेल पेटवे हा सेफ्टी होता.

"हवाच," स्टॅन लगेच म्हणाला. "जेरेलला घ्यायचा. चौथ्या फेरीत. त्यात बोलायचंय काय?"

"तिसऱ्यात गेला तरी मला नवल वाटणार नाही," कॉनी म्हणाली.

"हुशार पोर आहे," सालेहनं मान डोलावली. "इन्शाअल्ला आपल्याकडेच येईल."

कॉनीनं नाव लिहिलं आणि झटक्यात पान उलटलं. पाचवी फेरी. स्टॅन पुन्हा तावातावानं बोलू लागला.

लूशियसनं चहाचा पेला खाली ठेवला. जेरेल याच वस्तीत वाढला. चौदा वर्षांचा होईतो तो आजी-आजोबांकडेच होता. त्याच्या आईला, इव्हॉनला, डेटनच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली तेव्हा तो तिच्याबरोबर ओहायोला गेला. याच दुकानात तो शाळेतून येऊन बटाट्याच्या काचऱ्या खायचा. टेबलावरच्या तिघांनाही तो घरचाच. आणि म्हणूनच आत्ता जे झालं ते लूशियसला खुपलं. आयोवाच्या पोरावर पाऊण तास घासाघीस झाली. त्याच्या नातवावर पाऊण मिनिट.

"थांबा," तो म्हणाला. "मागचं पान काढ, कॉनी."

"कशाला?"

"काढ तर. चाळीस यार्ड पळायला जेरेलला किती वेळ लागला?"

कॉनीनं वहीकडे पाहिलंच नाही. "चार पूर्णांक अडुसष्ट सेकंद."

"सेफ्टीला हे चालतं?"

तव्यावर काहीतरी चुरचुरलं.

"स्टॅन, तू सांग. चार अडुसष्टवाल्या दुसऱ्या कुठल्या पोराला तू चौथ्या फेरीत घेतलं असतंस?"

"आता असं बघ, लूशियस, आकडे म्हणजेच सगळं नसतं..."

"तू? तू मला सांगतोस, आकडे म्हणजे सगळं नसतं? त्या लुइझियानाच्या पोराचा हात पाऊण इंच आखूड निघाला म्हणून तू तीन शनिवार आमचं डोकं खाल्लंस!" लूशियसचा आवाज चढला नव्हता, पण जड झाला होता. "तीस वर्षं या टेबलावर कुणाच्या पोराची गय केली नाही आपण. माझ्याच पोराची का करताय? मी आजारी आहे का? काल मला कुणी पुरून आलंय का?"

स्टॅन खिडकीबाहेर पाहू लागला. कॉनी पेन्सिल फिरवत बसली. शेवटी सालेहनं खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला.

"खरं ऐकायचंय?"

"त्यासाठीच येतो ना मी इथे."

"मग ऐक. जेरेलचं डोकं चांगलं आहे. चेंडू कुठे येणार हे त्याला दोन पावलं आधी कळतं. पण पाय ती दोन पावलं खाऊन टाकतात. उंचीही कमी. आणि ज्या लहानशा कॉलेजात तो चार वर्षं खेळला तिथे त्याच्यासमोर खरे वेगवान गडी आलेच नाहीत. आपल्याकडे आधीच तीन सेफ्टी आहेत. मी टीमच्या जागी असतो तर त्याला घेतला नसता. चौथ्यात नाही आणि सातव्यातही नाही." तो थांबला. "माझा मुलगा असता तरी हेच म्हटलं असतं. वल्ला, अल्लाची शपथ."

लूशियसनं मान हलवली. "हं," तो म्हणाला. "बरोबर आहे."

मग त्यानं पेला संपवला, कोट घातला आणि नेहमीपेक्षा तासभर आधी घरी निघाला. स्टॅन मागून "अरे, सँडविच तरी..." म्हणाला, पण दार बंद झालं होतं.

घरी ओडेसा खुर्चीत पाय पसरून बसली होती. फेब्रुवारीत तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. चार पायांची काठी हाताशी होती. नवरा लवकर आलेला पाहून तिनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"काय झालं?"

"सालेह म्हणाला, जेरेलला कुणी घेऊ नये."

"आपणहून म्हणाला?"

"मी विचारलं."

"मग त्यानं सांगितलं. आता तोंड पाडून कशाला बसलास?"

"तोंड पाडलं नाही मी."

"आरशात बघ जा," ओडेसा म्हणाली. मग जरा वेळानं, मवाळ आवाजात, "तुला स्वतःला काय वाटतं, लूशियस?"

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्याला जे वाटत होतं ते सालेहनं शब्द न शब्द सांगितलं होतं. त्रास त्याचाच होता. हे आपण मनात कितीदा तरी घोळवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते एकदम खरं झालं. आणि त्याला पहिल्यांदाच ती सगळी पोरं आठवू लागली, ज्यांना त्यानं टेबलावर एका वाक्यात खाली उतरवलं होतं. त्यांचेही कुणी आजोबा कुठेतरी असतील.

बुधवारी संध्याकाळी जेरेलचा फोन आला. तो आईकडे डेटनला होता. मेजवानी नको, केक नको, नातेवाइकांची गर्दी नको असं त्यानं बजावून ठेवलं होतं. आजीला प्रवास झेपणार नाही म्हणून आजोबाही यायचे नव्हते, आणि ते त्याला पटलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झालं. आजीचा खुबा कसा आहे, सरोवरावरचा बर्फ गेला का. मग तो म्हणाला, "आजोबा, एक विचारू? टेबलावर माझं काय ठरलं?"

"टेबलाचं काय घेऊन बसलास. म्हाताऱ्यांची बडबड ती."

"मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून ती बडबड ऐकतोय. तुमचं बहुतेक वेळा बरोबर निघतं. सांगा ना."

लूशियस स्वयंपाकघरात उभा होता. तो खुर्ची ओढून बसला. खोटं बोलणं सोपं होतं. चौथी फेरी, बाळा, फार तर पाचवी. तीन दिवसांचा तर प्रश्न होता.

"आपली टीम तुला घेणार नाही," तो म्हणाला. "मी असतो तरी घेतलं नसतं. त्यांना पुढच्या फळीत माणसं हवीत. सेफ्टी तीन आहेत, तिन्ही तुझ्यापेक्षा पळणारे. सात फेऱ्यांत दुसरं कुणी तुला घेईल असंही मला वाटत नाही." त्यानं श्वास घेतला. "पण तू खेळशील, जेरेल. कुठेतरी खेळशील. हे काही मी तुझं मन राखायला म्हणत नाही. मला जे दिसतं ते सांगतोय. दार मागचं असेल, एवढंच."

पलीकडे एक दार लावल्याचा आवाज आला.

मग जेरेल हलकेच हसला. "मामा म्हणतो तिसरी फेरी. आई म्हणते दुसरी. चर्चमधल्या एका काकूंना तर स्वप्न पडलं, मी पहिल्यात जातोय. आठ दिवस मला झोप नाही, आजोबा. सगळ्यांना तोंड कसं दाखवू, हाच विचार. आता निदान एका माणसापुढे तरी मला हरायची लाज नाही."

"झोप आता."

"झोपतो. शनिवारी फोन जवळ ठेवा, सर."

लहानपणी आजीनं शिकवलेलं ते 'सर' तो अजून विसरला नव्हता.

गुरुवारी पहिली फेरी झाली. टीमनं आयोवाच्या पोराला घेतलं नाही; त्याच्याहून बुटक्या, पण चपळ अशा एका जॉर्जियावाल्याला घेतलं, आणि स्टॅननं फोन करून सगळ्यांना सांगितलं की आता पुढची दहा वर्षं वाया गेली. शुक्रवारी दुसरी आणि तिसरी फेरी. शनिवारी दुपारी बारा वाजता चौथी सुरू झाली तेव्हा सालेहच्या दुकानात चौघं होते आणि पाचवी ओडेसा. स्टॅननं तिला गाडीतून आणलं होतं, आणि खिडकीजवळची खुर्ची, जिच्यावर तो कुणाला हात ठेवू देत नसे, ती स्वतः पुसून तिला दिली होती. त्यानं बायकोनं केलेल्या पिएरोगींचे, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या पोलिश करंज्यांचे डबेही आणले होते. सालेहनं त्या लोण्यात परतल्या. खडेमीठ आणि शहाजिरं लावलेल्या पावांत गरम मांस घालून सँडविचं आली. वर नाकातून पाणी काढणारी तिखट चटणी.

गेल्या शनिवारचं कुणी काढलं नाही. फक्त सालेहनं चहा देताना लूशियसच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि लूशियस म्हणाला, "साखर कमी घातलीस आज."

चौथ्या फेरीत आपल्या टीमनं सेफ्टी घेतला. ऱ्होड आयलंडचा कुणी. चाळीस यार्ड, चार पूर्णांक एकेचाळीस सेकंद. टीव्हीवर त्याच्या घरचे उड्या मारत होते. कॉनीनं वहीत नाव लिहिलं. ओडेसा म्हणाली, "त्याची आई बघ किती रडतेय. बरं झालं बाई तिचं."

पाचवी गेली. सहावी गेली. नावं पडद्याखालच्या पट्टीवरून सरकत राहिली. लूशियसनं फोन पालथा ठेवला होता. थोड्या वेळानं तो सुलटा केला. मग खिशात टाकला. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सातव्या फेरीत आपल्या टीमची शेवटची पाळी आली, आणि त्यांनी चेंडूला लाथ मारणारा एक ऑस्ट्रेलियन उचलला.

"लाथ मारायला!" स्टॅन उठून उभा राहिला. "अरे, लाथ मारायला ऑस्ट्रेलियातून माणूस? मला विचारायचं होतं, मीच घातली असती!"

सगळे हसत होते तेवढ्यात लूशियसच्या खिशात फोन वाजला.

"आजोबा, ऐका, वेळ कमी आहे," जेरेल भराभर बोलत होता. "कुणी घेतलं नाही. पण एजंटला चार टीमचे फोन आलेत. ड्राफ्ट संपला की सही करायची. पैसे सगळ्यांचे सारखेच, नसल्यात जमा. उन्हाळ्यातल्या शिबिराला बोलावणार, नव्वद जणांतले त्रेपन्न ठेवणार. एजंट म्हणतो वीस मिनिटांत सांग, नाहीतर ते दुसऱ्याला घेतील. त्याची एकाच वेळी सहा पोरं आहेत, त्याला माझ्यासाठी वेळ नाही. मी कुठे जाऊ?"

"कोणत्या चार?"

"आपली. डेन्व्हर. जॅक्सनव्हिल. आणि..." तो अडखळला. "बॉस्टनवाले."

लूशियसनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. "सगळे इथेच आहेत. बोल."

"आपली!" स्टॅन गरजला. "चार फोन आणि त्यात आपला, मग प्रश्न कसला? घरी ये, पोरा! तुझी आजी तुला गरम जेवण वाढेल."

"बस खाली, स्टॅन," कॉनी म्हणाली. तिनं वही उघडली होती, आणि तिचं बोट आता पत्ते शोधणाऱ्या टपालवाल्या बाईसारखं ओळींवरून चालत होतं. "आपल्याकडे तीन होते, आज चौथा घेतला. जेरेल पाचवा. चार ठेवतात. ऑगस्टमध्ये त्याला घरी पाठवतील. घर जवळच आहे म्हणा."

स्टॅन बसला.

"डेन्व्हर," लूशियस म्हणाला.

"नवा कोच आहे," सालेह म्हणाला. "त्याला धिप्पाड सेफ्टी लागतात. मागच्या टीममध्ये त्याचे सगळे सेफ्टी सहा फुटांच्या वर होते. जेरेलला तो माणूस म्हणून मोजणार नाही."

"जॅक्सनव्हिल?"

"मार्चमध्ये दोन सेफ्टी पैसे मोजून आणलेत," कॉनी म्हणाली. "त्यांना ते खेळवावेच लागणार. आणि गेली तीन वर्षं न निवडलेल्यांपैकी एकालाही त्यांनी ठेवलं नाही. मी बघितलंय."

कॉनीचं बोट चौथ्या नावावर येऊन थांबलं होतं. या गावात ते नाव घेताना लोक जीभ चावत. वीस वर्षं त्या टीमनं यांच्या डोक्यावर मिरे वाटले होते. डिसेंबरच्या थंडीत तीन-तीन तास बाहेर बसून पाहिलेले सामने, शेवटच्या मिनिटाला हातातून गेलेले. स्टॅननं एकदा सख्ख्या जावयाला ख्रिसमसच्या जेवणावरून उठवलं होतं, कारण त्यानं त्यांची टोपी घातली होती.

"आजोबा?" फोनमधून आवाज आला. "बारा मिनिटं राहिली."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बॉस्टनवाल्यांचे दोन्ही सेफ्टी म्हातारे झाले होते, एकाचा खांदा डिसेंबरात निखळला होता. त्यांचा कोच पायांपेक्षा डोक्याला किंमत देणारा. आणि चेंडू लाथेनं उडवल्यावर पुढे धावत जाऊन झेलणाऱ्याला आडवं करायला ते दरवर्षी एक तरी कुणी-न-घेतलेला पोरगा ठेवत. हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांचा जितका द्वेष केला होता तितकाच अभ्यासही केला होता.

"तोंडात गुळणी धरलीय का सगळ्यांनी?" ओडेसा म्हणाली. "पोर थांबलंय तिकडे."

लूशियस फोनवर वाकला.

"बॉस्टनला जा."

"खरंच?"

"खरंच. ते तुला बघतील. बाकीचे नुसते बोलावतील."

"सालेहकाका?"

"बॉस्टन," सालेह म्हणाला.

"कॉनीमावशी?"

"बॉस्टन. आणि गरम मोजे घेऊन जा."

"स्टॅनकाका?"

स्टॅननं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. त्याचा चेहरा दात उपटून घेणाऱ्या माणसासारखा झाला होता. "जा," तो म्हणाला. "पण मी हे बोललो असं माझ्या बायकोला कधी सांगशील तर याद राख."

जेरेल हसला, मागे कुठेतरी इव्हॉनचा आवाज आला, आणि फोन बंद झाला. ओडेसानं रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "चहा गार झाला, सालेह. दुसरा कर."

उन्हाळा सरळ गेला नाही. जूनमध्ये जेरेलचा घोटा मुरगळला. ऑगस्टच्या शेवटी नावं कमी करायच्या दिवशी त्याला वगळलं. त्या रात्री त्यानं घरी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्याला सरावाच्या तुकडीत परत घेतलं. आठवडाभर सगळ्यांबरोबर घाम गाळायचा आणि रविवारी साध्या कपड्यांत कडेला उभं राहायचं, असं सात आठवडे चाललं. मग त्या म्हाताऱ्या सेफ्टीचा निखळलेला खांदा पुन्हा गेला आणि जेरेलला सामन्यात घालायला आकड्याची जर्सी मिळाली. सत्तेचाळीस.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बॉस्टनवाले इथे खेळायला आले. जेरेलनं पाच तिकिटं पाठवली होती. पाचही जण आपल्याच टीमच्या निळ्या कपड्यांत गेले. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. ओडेसा आता साध्या काठीवर चालत होती. सरोवरावरून येणारा वारा अंगातून आरपार जात होता, आणि सालेहनं थर्मासमधून आणलेला चहा ओतेपर्यंत निवत होता.

पहिला अर्धा डाव जेरेल बाकावरच दिसत होता. दुसऱ्या अर्ध्यात बॉस्टनवाल्यांनी चेंडू लाथेनं उंच उडवला आणि अकरा जण पुढे धावत सुटले. त्यांत सत्तेचाळीस होता. पहिला नव्हता, पाचवा असेल. पुढचे चौघं झेलणाऱ्याच्या हुलकावणीला फसून उजवीकडे गेले. जेरेल मात्र जणू आधीच ठाऊक असल्यासारखा डावीकडे आला, आणि आपला झेलणारा गडी वळून पाहतो तर समोर तो. दोघं धाडदिशी आडवे झाले.

साठ हजार माणसं एकदम हळहळली. त्या हळहळीच्या मधोमध लूशियस पेटवे उभा होता. आपण कधी उठलो हे त्याला कळलं नव्हतं. दोन्ही हात वर होते. शेजारी स्टॅन मांडीवर मुठी आपटत होता, दुःखानं की कशानं ते त्यालाच माहीत.

"ए म्हाताऱ्या, खाली बस!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "कुणाच्या बाजूचा आहेस तू?"

ओडेसा वळली. मागे दाढीला बर्फ चिकटलेला एक आडदांड माणूस होता, तोंडावर निळा रंग फासलेला.

"त्याचा नातू आहे तो," ती म्हणाली. "सत्तेचाळीस. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं त्याला."

माणसानं मैदानाकडे पाहिलं, मग लूशियसच्या पाठीकडे. हातातला पेला त्यानं खाली ठेवला.

"उभा राहू दे मग," तो म्हणाला, आणि जरा पुढे झुकून त्यानं विचारलं, "इथलाच का पोरगा?"

"लॅकवानाचा," लूशियस मान न वळवता म्हणाला. जेरेल शिरस्त्राण सावरत बाकाकडे धावत निघाला होता. धावणं काही फार वेगाचं नव्हतं.